सीलच्या बुड्यांचं विश्लेषण: आधी शून्य जुळवा, मग मॉडेल

मॉडेलची घाई करू नका. आधी खोली आणि वेळेचा साधा आलेख काढा. सीलच्या अंगावरचं नोंदयंत्र पाण्याचा दाब मोजतं आणि त्यावरून खोली कळते. तापमान बदललं की सेन्सरचं शून्य सरकतं, म्हणून प्राणी वर श्वास घेत असतानाही कधी 3 मीटर खोली दिसते, कधी उणे 2.

'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या डाइव्हमूव्ह पॅकेजात शून्य दुरुस्तीसाठी फिल्टर आहे. तो सरकत्या खिडकीतला, म्हणजे पुढे सरकणाऱ्या ठरावीक कालावधीतला, खालचा क्वांटाइल (ज्याच्याखाली नोंदींचा ठरावीक हिस्सा येतो ती खोली) घेऊन त्याला पृष्ठभाग मानतो. लोक चुकतात ते इथेच. समजा, बुडी 20 मिनिटांची आणि वरचा मुक्काम 2 मिनिटांचा. म्हणजे जेमतेम 9 टक्के नोंदी पृष्ठभागावरच्या. अशा वेळी मध्यक, म्हणजे 0.5 क्वांटाइल घेतला तर पाण्याखालची खोलीच शून्य ठरते! क्वांटाइल 0.02 ते 0.05 ठेवा आणि खिडकी सर्वांत लांब बुडीपेक्षा बरीच मोठी घ्या.

त्यानंतर उंबरठा ठरवा, म्हणजे किती मीटरखाली गेल्यावर बुडी म्हणायची ते. तो सेन्सरच्या अचूकतेच्या काही पट हवा, नाहीतर लाटाही बुड्या म्हणून मोजल्या जातात. नोंदींमधलं अंतर बुडीच्या एक दशांशाहून जास्त नको. 40 सेकंदांच्या बुडीत दर 10 सेकंदांनी नोंद घेतली तर हाती चारच ठिपके लागतात आणि कमाल खोली हमखास कमी भरते. बुडीतला तळाचा टप्पा म्हणजे कमाल खोलीच्या 80 टक्क्यांहून खोल असलेला भाग असं धरतात. ही निव्वळ सोय आहे, त्यामुळे निवडलेला आकडा अहवालात लिहाच.

आता आकडेमोड. 8 सीलच्या 5000 बुड्या म्हणजे 5000 स्वतंत्र नमुने नव्हेत. मॉडेलमध्ये प्राण्याला रँडम इफेक्ट द्या, म्हणजे प्रत्येक सीलचा स्वतःचा वेगळेपणा हिशेबात येतो. लागोपाठच्या बुड्या एकमेकींसारख्या असतात, म्हणून रेसिड्युअलचा (मॉडेलला न सापडलेल्या फरकाचा) ऑटोकोरिलेशन आलेख पाहा; लागोपाठची मूल्यं एकमेकांशी किती जुळतात ते तो दाखवतो. पहिल्याच लॅगला, म्हणजे एका बुडीच्या अंतरावर, उंच खांब दिसला तर एआर-1 रचना (प्रत्येक मूल्य आधीच्यावर अवलंबून मानणारी) जोडा, नाहीतर पी-मूल्यं फसवी लहान येतात आणि योगायोगही खरा परिणाम वाटतो. बुडीचा कालावधी बहुधा उजवीकडे झुकलेला असतो, म्हणजे थोड्या बुड्या फार लांब असतात; त्याला लॉग लिंकसह (सरासरीचा लॉग घेऊन) गॅमा वितरण, म्हणजे फक्त धन मूल्यांचं झुकलेलं वितरण, चांगलं बसतं.

हिडन मार्कोव्ह मॉडेल (नोंदींवरून प्राण्याच्या न दिसणाऱ्या वर्तन-अवस्था ओळखणारं) वापरणार असाल तर अवस्थांची संख्या एकट्या एआयसीवर (मॉडेलांची तुलना करणाऱ्या निकषावर) सोडू नका, तो जास्त अवस्थांकडेच ओढतो. 2 आणि 3 अवस्थांचे निकाल मूळ खोलीच्या आलेखावर रंगवून पाहा. तिसरा रंग कुठल्याच ओळखता येणाऱ्या वर्तनाशी जुळत नसेल तर 2 वरच थांबा.