बंद तोंडाच्या पीसी कॅबिनेटला शांत इनटेक फॅन (हवा आत ओढणारा पंखा)

आधी पुढचं पॅनल काढून अर्धा तास गेम चालवा, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान लिहून ठेवा. मग पॅनल लावून तेच करा. फरक ७-८ अंशांचा आला तर खोट हवेच्या वाटेत आहे.

इथे सीएफएमच्या (मिनिटाला किती घनफूट हवा) आकड्यावर जाऊ नका, तो मोकळ्या हवेतला असतो. स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायचा जोर, बघा: १२० मिमीच्या पंख्याला ते पाण्याच्या २ मिमीच्या (mmH₂O) आसपास हवंच. आर्क्टिक कंपनीचा पी१२ (२.२ मिमी) खिशाला परवडतो. जागा असेल तर १४० मिमीचेच घ्या. कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतात. फक्त ४ पिनचे घ्या, म्हणजे वेग बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) बांधता येतो.

पंखा जाळीला चिकटला की घुमतो, थोडा मागे सरकवा. कडेच्या फटी फोमपट्टीने बुजवाच; नाहीतर आतली गरम हवाच फिरून पंख्यात येते. फिल्टर महिन्याला धुवा.