डिजिटल ध्वनिसंकेत शंभर मीटरपलीकडे कसा न्यावा

सभागृहातील डिजिटल मिक्सरचा आवाज आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ध्वनिमुद्रण कक्षात पोहोचवायचा असला, की बहुतेक जण हाताशी असलेली माइकची केबल जोडतात आणि आवाज आला म्हणजे काम झाले असे मानतात. ॲनालॉग आवाज अंतरानुसार हळूहळू खालावतो, त्यामुळे धोका आधीच कानावर येतो. डिजिटल आवाज मात्र मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि ती ओलांडताच टकटक होऊन एकाएकी तुटतो.

एईएस३ या डिजिटल आवाज केबलवरून नेण्याच्या प्रमाणित पद्धतीत ४८ किलोहर्ट्झ नमुना-दराला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) दोन चॅनेलसाठी सेकंदाला ३० लाख ७२ हजार बिट धावतात. केबलचा इम्पिडन्स (बदलत्या विद्युत संकेताला होणारा विरोध, जो ओहममध्ये मोजतात) यंत्रांशी जुळत नसेल, तर संकेताचा काही भाग टोकावरून परततो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. या पद्धतीला ११० ओहमची केबल लागते; माइकच्या केबलचा इम्पिडन्स त्याहून बराच कमी असल्याने ती काही मीटरच वापरावी.

प्रथम भिंती, छत आणि वळणे धरून केबलचा प्रत्यक्ष मार्ग मोजावा. तो शंभर मीटरच्या आत असल्यास ११० ओहमची एईएस केबल आणि एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनांची) जोडणी पुरेशी आहे. अंतर त्याहून अधिक असल्यास दोन्ही टोकांना ११० आणि ७५ ओहमची जुळणी करणारा बॅलन (छोटा ट्रान्सफॉर्मर) लावून मधे भरीव तांब्याच्या तारेची ७५ ओहमची कोॲक्सियल (टीव्हीच्या केबलसारखी) केबल टाकावी. या केबलच्या टोकांना लागणारे बीएनसी कनेक्टरही ७५ ओहमचेच घ्यावेत, कारण दिसायला जवळजवळ तसेच असणारे ५० ओहमचे कनेक्टरही बाजारात मिळतात.

वाटेत टी-जोड देऊन दुसरी शाखा काढू नये. आवाज दोन ठिकाणी हवा असेल, तर एका संकेताच्या अनेक स्वतंत्र प्रती देणारा डिस्ट्रिब्यूशन ॲम्प्लिफायर वापरावा. घेणाऱ्या यंत्राचे क्लॉक (नमुन्यांचा ठेका राखणारी यंत्रणा) येणाऱ्या संकेताला बांधावे, नाहीतर केबल निर्दोष असूनही अधूनमधून टिकटिक ऐकू येते. चॅनेल पुष्कळ असतील, तर एकाच केबलवरून ६४ चॅनेल वाहणारी ‘माडी’ (MADI) पद्धत ऑप्टिकल फायबरवर घ्यावी. दोन इमारतींमधील अंतरासाठी मला फायबरच अधिक योग्य वाटते, कारण त्यामुळे दोन्हीकडची अर्थिंग विद्युतदृष्ट्या अलग राहते.

शेवटची चाचणी कानाने करू नये. त्याच केबलचा वीस-तीस मीटरचा जादा तुकडा तात्पुरता जोडून घेणाऱ्या यंत्राचा लॉक-दिवा (संकेत नीट पकडल्याचे दाखवणारा) स्थिर राहतो का, हे तासभर पाहावे. तो लुकलुकला, तर कार्यक्रमाआधीच कनेक्टर आणि बॅलन तपासावेत.