गढीतली विलायती रायफल : आधी कागद, मग नळी, शेवटी तेल

मराठवाड्यात जुनी विलायती शिकारी रायफल बहुतेक वेळा वारशाने हाती येते. चामडी खोका, नळीवर रिग्बी, जेफ्री, वेस्टली रिचर्ड्स किंवा हॉलंड अँड हॉलंडचं नाव, सोबत एखादा उर्दूतला निजामी कागद. खोका उघडला की पहिला हात ब्रासोच्या डब्याकडे जातो, तो आवरा. ज्या रायफलीला कमीत कमी हात लागलेत तिलाच संग्राहक किंमत देतात.

त्याआधी कागदाचं बघा. परवानाधारक वारला की त्याची रायफल घरात ठेवता येत नाही. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. धारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वारसाला अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, वारशाची धरून. म्हणून तीन भावांच्या घरात पाच बंदुका असतील तर कोणती कोणाच्या नावावर हे आधी ठरवा. निजामी कागद फेकू नका, त्याचं मराठी भाषांतर करून फाइलला लावा. रायफल कुठून, केव्हा आली याचा तोच पुरावा. .३०३ सारख्या लष्करी बोअरच्या (नळीच्या मापाच्या) रायफली निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, त्यांना केंद्र सरकारची मंजुरी लागते. "जुनी आहे, अँटिक आहे, परवाना कशाला?" हा सल्ला गावोगाव मिळतो. कायद्यातली ती सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा शस्त्रालाच आहे. बोल्ट (मागे-पुढे सरकणारी खीळ) नीट बंद होणारी १९१२ ची मॉझर रायफल तिच्यात बसत नाही.

शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला. पिकात रानडुक्कर किंवा नीलगाय शिरली तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नळी रोखायची नाही. आता वापर म्हणजे परवानगी असलेल्या रेंजवर नेमबाजी. तिथेही आधी विचारा, कारण एअर रायफल आणि .२२ साठी बांधलेली रेंज .३७५ ला चालत नाही.

रायफल हातात आली की नळीचं तोंड सुरक्षित बाजूला, बोल्ट मागे, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या घरात, करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री, मग मॅगझिनचा तळ उघडून तेही रिकामं. हे दर वेळी करायचं, पाच मिनिटांपूर्वी केलं असलं तरी.

आता ओळख. मोठ्या विलायती बोल्ट रायफली बहुतांश जर्मन मॉझर ९८ ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट आणि तो सरकतो त्या सांगाड्यावर, बांधलेल्या असतात. ॲक्शन जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या मॉझर कारखान्याची, नळी, दस्ता आणि जुळणी इंग्लंडची. भारतात .४५० च्या बोअरवर १९०७ मध्ये बंदी आली, त्यामुळे कारखानदार इतर मापांकडे वळले. .४१६ रिग्बी १९११ चं, .३७५ हॉलंड मॅग्नम १९१२ चं. .४०४ जेफ्री त्याआधीचं.

मापाचं नाव आणि गोळीचं खरं माप यांत फसगत होते. .३१८ वेस्टली रिचर्ड्सची गोळी प्रत्यक्षात .३३० इंच असते. .४०४ ची .४२३ च्या आसपास, .४२५ ची .४३५. .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ मॉझरच, गोळी .२८४. .३७५ नावाची काडतुसं तर एकाहून जास्त आहेत. हॉलंड मॅग्नमच्या बुडाशी पट्टा असतो, तो दिसल्याशिवाय नुसत्या ".३७५" वर विश्वास ठेवू नका. परवान्यावर बाबूने काय टंकलं तेही पुरावा नाही. शंका असेल तर बंदूक कारागिराकडून चेंबरचा ठसा घ्या. सेरोसेफ हा मिश्रधातू ७० ते ९० अंशांत वितळतो. ओतल्यावर आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो. म्हणून मोजणी तेव्हाच. गार झाल्याबरोबर कॅलिपर लावलं तर माप कमी येतं.

नळीच्या मुळाशी, काही वेळा दस्त्याखाली लपलेले, प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळीची दाबाखाली चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, शिक्के शोधा. एन-पी ही अक्षरं म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी झालेली, १९०४ च्या नियमांपासूनचा शिक्का. मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही असेल तर बर्मिंगहॅम, जी-पी आणि व्ही असेल तर लंडन. १९५४ पूर्वीच्या नळ्यांवर कॉर्डाइटचं (बिनधुराच्या दारूचं) जास्तीत जास्त वजन आणि गोळीचं वजन ग्रेनमध्ये कोरलेलं सापडतं. .४१६ वर गोळीसाठी ४१० हा आकडा असतो. त्यानंतरच्या नळ्यांवर दाब टनांत. एन-पी नसलेली नळी झाडायची नाही.

बोल्टच्या मुळाशी आणि रिसीव्हरवर (बोल्ट सरकतो त्या सांगाड्यावर) मॉझरचे क्रमांक असतात, ते जुळतात का बघा. न जुळणारा बोल्ट म्हणजे दुसऱ्या रायफलीचा. काडतुसाच्या बुडामागची मोकळी जागा वाढलेली असली तर पितळी कवच फाटून तप्त वायू मागे, म्हणजे डोळ्यांकडे, येतो. कारागिराने ही जागा मोजणारे गो आणि नो-गो गेज लावूनच निकाल द्यावा. दस्त्यावर रिसीव्हरच्या शेपटीमागे केसाएवढी चीर आहे का तेही भिंगाने बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, अक्रोडाचं लाकूड आकसतं आणि पुढचा-मागचा स्क्रू आपोआप सैल होतो. मग झाडताना धक्का रिकॉइल लगऐवजी (धक्का झेलणाऱ्या रिसीव्हरखालच्या उंचवट्याऐवजी) शेपटीवर बसतो आणि दस्ता तिथेच फुटतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा चीर मिटलेली दिसते, त्यामुळे मे महिन्यातली तपासणी खरी.

स्क्रूंबाबत एक सूचना. विलायती स्क्रूची खाच कागदाच्या घडीएवढी बारीक असते. बाजारातला पाचरीसारखा स्क्रूड्रायव्हर घातला की कड उडते आणि पाच हजारांचं नुकसान पाच सेकंदांत होतं. पातं समांतर घासून खाचेच्या मापाचं करून घ्या. चांगल्या कारागिरांनी सगळ्या खाचा नळीच्या रेषेत लावलेल्या असतात. घट्ट करताना ती रेष आली की थांबा.

सफाईला वेळ लागतो. जुनं घट्ट ग्रीस रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने सोडवा. गंज दिसला तर पातळ तेल लावून २४ तास ठेवा, मग जुन्या तांब्याच्या नाण्याची कड किंवा ०००० क्रमांकाची पोलादी लोकर तेलासह हलक्या हाताने. पॉलिश पेपर नाही, बफिंग नाही. "पुन्हा काळी करून देतो" म्हणणाऱ्याला तर नकोच म्हणा. इंग्रजी काळेपणा हळू गंजवून आणलेला असतो. हल्लीच्या उकळत्या क्षारांच्या टाकीत नळी बुडवली तर नेमाच्या पट्टीखालचा मऊ डाक खराब होतो आणि पट्टी सुटते. शिवाय त्याआधीच्या पॉलिशने कोरलेली अक्षरं बोथट होतात ते वेगळंच.

नळीच्या आत खवले दिसले तर ते बहुधा जुन्या टोप्यांचे, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोप्यांचे. कायनॉक या विलायती कंपनीच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट होतं, ते जळून मीठ उरतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून तेलाने नळी चकचकीत करूनही आठवड्यात गंज येतो आणि माणूस तेलाला शिव्या घालतो. उपाय उकळत्या पाण्याचा. बोल्ट काढा, लांब नळकांड्याचं नरसाळं चेंबरमध्ये बसवा, म्हणजे पाणी दस्त्यात झिरपत नाही. लिटरभर उकळतं पाणी ओता. मग तीन-चार कोरड्या चिंध्या, सॉल्व्हंट, पुन्हा कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा पातळ हात. गज चेंबरच्या बाजूनेच घाला, तोंडाकडून घातला की तोंडाची कड झिजते आणि नेम जातो. तीच जुनी काडतुसं अजून घरात असतील तर झाडू नका. पितळ ठिसूळ झालेलं असतं, दारू उशिरा पेटते किंवा गोळी नळीत अडकते. ती मोजून परवान्यावर दाखवा, नाहीतर जमा करा. घरी काडतूस भरणं हा परवान्याशिवाय गुन्हा आहे.

दस्त्याला जवसाचं तेल. लातूर-धाराशिवकडे जवस पिकतो, चटणीपुरता तरी घरोघर असतो, पण तेल घाण्याचं, कच्चं, काहीही न मिसळलेलं घ्या. चार-पाच थेंब तळहातावर घेऊन लाकूड कोमट होईपर्यंत चोळा, उरलेलं पुसा, नीट सुकू द्या. असे पाच-सहा हात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट थर होऊन त्यावर धूळ बसते. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

रेंजवर नेण्याआधी नळीतलं तेल पूर्ण पुसा. काडतूस मॅगझिनमध्ये दाबून भरा. सरळ चेंबरमध्ये टाकून बोल्ट लोटलात तर मॉझरच्या लांब नखाला (काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याला) बुडाच्या कडेवरून उडी मारावी लागते आणि ते तुटू शकतं. घोडा पडला पण बार झाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा. बारचा आवाज फुसका आला तर बोल्ट काढून नळीतून उजेड दिसल्याशिवाय पुढची गोळी नाही.

ठेवताना चामडी खोक्यात, गोधडीत किंवा फोममध्ये ठेवू नका, तिघंही ओल धरतात. लोखंडी कपाटात, नळीचं तोंड खाली करून. तोंड वर ठेवलं की तेल वर्षानुवर्षं ओघळून दस्त्याच्या मुळाशी साचतं आणि तिथलं लाकूड काळं, मऊ होतं. बोल्ट वेगळ्या कुलपात. सिलिका जेल पाव ते अर्धा किलो, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास. नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा नको, तो ओल धरतो आणि विसरला तर नळी फाडतो. मृगापासून नवरात्रापर्यंत दर पंधरवड्याला दार उघडून बघा, एरवी दोन महिन्यांनी. हात लागला तिथे घामाचा ठसा उमटतो, तेव्हा दार बंद करण्यापूर्वी तेलाच्या फडक्याचा एक हात फिरवा.