कार्ब्युरेटर घरी सेट करायचा असेल तर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावा

स्प्लेंडर, पॅशन, जुनी पल्सर, युनिकॉर्न, एप्रिल 2020 ला बीएस 6 हे प्रदूषणाचे नियम येण्याआधीच्या अशा बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग आहे आणि तो घरी सेट करणं अजिबात अवघड नाही. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, हवेचा स्क्रू फिरवून अ‍ॅव्हरेज वाढत नाही. तो स्क्रू काम करतो ते आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा) आणि साधारण पाव थ्रॉटलपर्यंत, त्याच्या पुढे नीडल (आतली सुई) आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) यांचा कारभार असतो. अ‍ॅव्हरेजच्या नादात मिक्श्चर पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, करून ठेवलं की इंजिन तापतं, पिकअप जातो, आणि हे मी बऱ्याच गाड्यांवर बघितलंय.

म्हणून आधी बाकीचं बघा. एअर फिल्टर साफ आहे का, प्लग ठीक आहे का, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट आहेत का, थ्रॉटल केबलला थोडा ढिलेपणा आहे का. कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराला चीर गेली असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि मग कितीही स्क्रू फिरवा, आयडलिंग वरखाली होतच राहणार. इंजिन गार असताना गाडी चालू करून त्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा, आवाज बदलला तर हवेची चोरी तिथेच आहे.

सामान फार लागत नाही. बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर, 8 आणि 10 चे पाने, कार्ब क्लीनरचा स्प्रे, जुनं फडकं, काचेची बरणी. जपानी डिझाइनच्या कार्ब्युरेटरचे चौफुली स्क्रू वेगळ्या मापाचे असतात, त्यात साधा फिलिप्स घसरतो आणि डोकं खराब होतं, तेव्हा जेआयएसचा (जपानी मापाचा) ड्रायव्हर मिळाला तर घ्याच. जेट साफ करायला क्लचवायरची तार बिलकुल नको, पितळेचं भोक मोठं होतं, इलेक्ट्रिक वायरमधली तांब्याची एक तार पुरते.

काम उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये नाही, जवळ विडीकाडी नको. पेट्रोल कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडा आणि बरणीत पेट्रोल घ्या. थोडा वेळ ठेवून बघा, तळाशी पाण्याचे थेंब किंवा लालसर गंज दिसला तर टाकी आणि बाऊल (कार्ब्युरेटरची खालची वाटी) आधी साफ करा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक जेट) चिकटलेला असतो, तो काढून स्प्रे मारा, उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसलं पाहिजे.

आता सेटिंग. पाच-दहा मिनिटं गाडी फिरवून आणा, चोक पूर्ण बंद, मग इंजिन बंद करा. हवेचा स्क्रू उजवीकडे फिरवत किती फेरे झाले ते मोजा आणि टेकला की थांबा, आवळायचा नाही, नाहीतर टोक बसतं. तिथून दीड फेरा बाहेर काढा. गाडी चालू करा, आयडल स्क्रूने रेस जरा वाढवा, मग हवेचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा आणि प्रत्येक वेळी इंजिनला थोडा वेळ द्या, ते लगेच प्रतिसाद देत नाही, घाई केली की चुकतं. जिथे आवाज सगळ्यात चढतो आणि एकसारखा होतो ती जागा. मग आयडल स्क्रूने रेस खाली आणा, स्प्लेंडरला साधारण 1400 आरपीएम, मीटर नसेल तर कानाने.

स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिक्श्चर पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. गाडीची जात बदलली की हे आधी बघून घ्या.

आता रेस मारून सोडा. आवाज वरच लटकत राहिला, हळूहळू उतरला तर पातळ, एकदम पडून पुन्हा सावरला तर जाड. दोन-चार दिवस चालवून प्लग काढा, बिस्किटी रंग चांगला, काळी काजळी म्हणजे जाड, पांढरा म्हणजे पातळ. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ असल्याने तीच गाडी जाड वागते, तिथे लगेच सेटिंग बदलू नका.

स्क्रू अर्ध्या फेऱ्यावर किंवा तीनच्या पुढे नेल्यावरच इंजिन नीट चालत असेल तर दोष सेटिंगचा नाही, पायलट जेट तुंबलेला आहे किंवा चुकीच्या नंबरचा आहे, पुन्हा खोलून तिथे बघा.