बेनिनमध्ये पैसा गुंतवताय? या चुका टाळा

वेंगुर्ला, सावंतवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या काजू कारखान्यांना इथली बी वर्षभर पुरत नाही. मग पश्चिम आफ्रिकेतून कच्ची बी मागवावी लागते, आणि त्या ओघात बेनिनचं नाव कानावर येतं. टोगो आणि नायजेरिया यांच्या मधोमध चिंचोळा वसलेला, दीड कोटीच्या आसपास वस्तीचा हा देश. अलीकडच्या वर्षांत त्याची अर्थव्यवस्था साधारण सहा टक्क्यांनी वाढते आहे. हे ऐकून आपले लोक उत्साहाने चौकशी करू लागतात. मला त्याचा आनंदच वाटतो, पण बहुतेकांच्या हातात पाच-सात वर्षांपूर्वीची माहिती असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक तिथेच होते. ‘हंगामात बी उचलायची, कोतोनू बंदरातून कंटेनर भरायचे’ हा हिशेब आता चालत नाही. १ एप्रिल २०२४ पासून बेनिनने कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी घातली. माल देशातच फोडला जावा, मजुरी तिथल्याच माणसांना मिळावी, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी कोतोनूपासून सुमारे ४५ किलोमीटरवर ग्लो-जिग्बे हे १,६४० हेक्टरचं औद्योगिक क्षेत्र उभं राहत आहे. काजू, सोयाबीन आणि कापूस यांवर तिथे प्रक्रिया होते. संधी आहे ती या कारखानदारीत. वर्षानुवर्षं काजू फोडण्यात, सोलण्यात, प्रतवारीत हात बसलेल्या कोकणी माणसाकडे तिथे द्यायला खरंच काहीतरी आहे.

बंदी असूनही ‘बेनिनची बी, स्वस्तात’ असे ई-मेल येत राहतात. असा प्रस्ताव आला की आधी विचारा: माल कोणत्या बंदरातून चढणार आणि मूळ देशाचा दाखला कोण देणार? उत्तर गोलमोल असेल किंवा ‘आधी नोंदणीचे पैसे पाठवा’ असं असेल, तर व्यवहार तिथेच सोडा.

बी शेजारच्या देशातून घेत असाल तर वेगळी काळजी. दर नुसत्या टनावर ठरवू नका. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो, तो आउटटर्न करारात लिहा. कमी भरला तर किती रक्कम कापायची तेही लिहा. कटिंग टेस्ट, म्हणजे नमुन्याची बी कापून गर तपासणं, माल चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा करून घ्या. समुद्रात महिना-दीड महिना गेला की ओल वाढते. कंटेनर उघडल्यावर बुरशी दिसली, तर माल हलवण्याआधी फोटो, स्वतंत्र सर्वेक्षकाचा अहवाल आणि विमा कंपनीला लेखी सूचना या तीन गोष्टी त्याच दिवशी करा. माल गोदामात गेल्यावर दावा फार कमकुवत होतो.

दुसरी चूक उलट्या बाजूची. ‘तिथे फोडू आणि गर मुंबईत विकू’. भारतात काजूगराच्या आयातीला किमान किमतीची अट आहे, त्याखालच्या भावाने गर आणता येत नाही; २०१९ मध्ये ती किंमत वाढवली गेली. तेव्हा गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेत शोधायचं, आणि तेही यंत्रं घेण्याआधी.

बाजारपेठ मोजतानाही गफलत होते. कोतोनूला उतरणारा बराचसा माल बेनिनमध्ये खपत नाही, तो पुढे नायजेरिया आणि नायजरकडे जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये नायजेरियाने सीमा बंद केली, ती डिसेंबर २०२० मध्ये उघडली. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तो रस्ताही अडला. शेजाऱ्याच्या एका निर्णयाने वर्षभराचा धंदा थांबू शकतो. म्हणून तांदूळ, वाहनं, सुटे भाग यांत उतरणाऱ्याने आधी फक्त बेनिनच्या गिऱ्हाइकावर आपला खर्च निघतो का, ते पाहावं.

चलनाबद्दल थोडक्यात. बेनिनचं चलन सीएफए फ्रँक युरोला बांधलेलं आहे, एका युरोला ६५५.९५७. त्यामुळे तिथे रोज भाव हलत नाही. पण आपण रुपये घालतो, म्हणजे रुपया-युरोची चढउतार आपल्याच डोक्यावर. डॉलरमध्ये विक्री असेल तर तीही जोखीम धरा.

कंपनी मात्र ऑनलाइन, काही तासांत नोंदवता येते. त्या वेगाने भुलून पुढची कागदपत्रंही तशीच सोपी असतील असं धरू नका. देशाचा कारभार फ्रेंचमध्ये चालतो. व्यापारी कायदा ‘ओहाडा’ या अनेक आफ्रिकी देशांच्या सामाईक संहितेवर चालतो. इंग्रजी मसुद्यावर सही करून फ्रेंच प्रत ‘नंतर पाहू’ म्हणणं घातक आहे. जमिनीचंही तसंच: विक्रीचा कागद हातात आला म्हणजे मालकी आली असं नाही, नोंदणीकृत मालकीपत्र तपासावं लागतं. नवख्या माणसाने औद्योगिक क्षेत्रातली भाड्याची जागा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि प्रत्यक्ष जाणार असाल तर नकाशा पाहून जा. काजूचा मुख्य पट्टा मध्य भागात, कोलिन आणि बोर्गू प्रांतांत आहे. कापूस वर उत्तरेत, बानिकोआराकडे. बुर्किना फासो आणि नायजरच्या सीमेलगत सशस्त्र गटांचे हल्ले झालेले आहेत. परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय बोर्गूमधल्या पाराकू शहराच्या वर, उत्तरेकडे जाण्याचा बेत आखू नका.