बॅचच्या पैशातून शिष्यवृत्ती सुरू करताय? मग आधी निवड शिका

कॉलेजच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर रात्री दहाला शिष्यवृत्तीचा विषय निघाला की अकरापर्यंत आकडे पडायला लागतात. आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या बॅचने ५७ कोटी जाहीर केले होते, तेवढे तुमचे होणार नाहीत आणि लागतही नाहीत. पैसे जमतात. घोळ होतो तो मुलं निवडताना, आणि ‘मार्कांची यादी काढा, वरचे दोघे घ्या’ असा सल्ला देणारे तो वाढवतात. खाली महाराष्ट्रातल्या चार वर्षांच्या इंजिनीअरिंग पदवीचं उदाहरण धरलं आहे.

पैसे कुठे ठेवायचे. नवा ट्रस्ट काढू नका. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघटनेकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी (‘८०जी’ म्हणतात ती) असेल तर तिथेच शिष्यवृत्तीचं वेगळं खातं मागा. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती तशीही मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगा. अमेरिकेतल्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. त्याने नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असूनही तो पैसा परदेशी ठरतो. संघटनेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी नसेल तर असा एक रुपयाही घेऊ नका.

गणित. दरवर्षी दोन नवी मुलं, प्रत्येकी वर्षाला ४०,००० रुपये. पहिल्या वर्षी ८०,००० लागतात म्हणून सगळे खूश. चौथ्या वर्षी एकाच वेळी आठ मुलं असतात आणि खर्च ३,२०,००० होतो. एका मुलाची चार वर्षांची रक्कम, म्हणजे १,६०,०००, हातात असल्याशिवाय त्याचं नाव जाहीर करू नका. तिसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाला ‘यंदा जमलं नाही’ सांगणं फार वाईट.

सरकारी योजना आधी. मुलाने महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज भरलाय का, ते बघा. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासकीय प्रवेश फेरीतून आलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अशा मुलीला तुम्ही ‘फीसाठी’ पैसे दिलेत तर वाचतं ते सरकारचं. मेस, खोली, एसटीचा पास, लॅपटॉप हे कुठल्या फीमाफीत बसत नाही. तुमचा पैसा त्यासाठी ठेवा.

आता निवड.

गुणांना ५० टक्के, गरजेला ५० टक्के असं सूत्र कागदावर न्याय्य दिसतं, पण चालत नाही. एकाच शाखेत एकाच प्रवर्गातून प्रवेश मिळालेल्या मुलांचे सीईटी पर्सेंटाइल आधीच एकमेकांना चिकटलेले असतात. ९६.२ आणि ९६.९ मधला फरक म्हणजे मोजके प्रश्न. लातूरला दोन वर्षं क्लास लावलेला ९६.९ आणि तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातून क्लासशिवाय आलेला ९६.२ यांत हुशार कोण, हे दशांश सांगत नाही. म्हणून गुण फक्त चाळणीसाठी वापरा. एक रेषा ठरवा, तिच्या वरचे सगळे सारखे, आणि पुढचा क्रम निव्वळ गरजेवर लावा.

गरज मोजायला बहुतेक जण तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर थांबतात. फसगत इथेच होते. नोकरदाराचा पगार सॅलरी स्लिपवर छापलेला असतो, त्याला तो लपवता येत नाही. दुकानदाराचा किंवा बागायतदाराचा दाखला स्वयंघोषणा आणि तलाठ्याच्या अहवालावर निघतो. त्यामुळे सिक्युरिटी गार्डच्या मुलाचा दाखला दोन लाखांचा आणि कृषी सेवा केंद्रवाल्याच्या मुलाचा साठ हजारांचा, असं चित्र दरवर्षी दिसतं. कमीत कमी आकड्यापासून यादी लावलीत तर पहिला नंबर दुकानदाराचा. दाखला घ्या, पण पात्रतेपुरता. क्रमासाठी नको.

मग काय बघायचं? एक, वर्षभराची वीजबिलं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो आधी वाचा. बारा महिने ४० ते ६० युनिट म्हणजे दिवे, पंखा, टीव्ही. हिवाळ्यात ९० आणि मे महिन्यात एकदम ३०० असेल तर घरात एसी आहे. बिल कोणाच्या नावावर आहे तेही बघा. भाड्याच्या खोलीत चार बिऱ्हाडांचा एकच मीटर असतो, तिथे आकडा मोठा दिसला तरी घर गरीबच असतं.

दोन, सातबारा. इथे शहरी समितीची हमखास चूक होते. ‘चार हेक्टर? म्हणजे श्रीमंत!’ दुष्काळी माण किंवा जतमधलं चार हेक्टर जिरायत आणि निफाडमधली एक हेक्टर द्राक्षबाग यांची बरोबरी होत नाही. क्षेत्रावर थांबू नका. खाली गाव नमुना बारामध्ये पीक कोणतं आणि पाण्याचं साधन काय ते वाचा. मग इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का ते बघा. खातं सामाईक असेल तर चुलते-आत्या धरून नावं मोजा. चार हेक्टरवर सहा नावं असतील तर वडिलांच्या वाट्याला एक हेक्टरही येत नाही. रेशनकार्डाच्या रंगावर फार भिस्त ठेवू नका, कितीतरी कार्डं वर्षानुवर्षं बदललेली नसतात.

तीन, घरी जाणं. हे टाळून निवड करणाऱ्यांचं मला काही पटत नाही. शेवटच्या सहा-सात नावांसाठी दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी. आदल्या दिवशी फोन करा. ‘तपासणी’ हा शब्द वापरू नका. फोटो काढू नका. चहा दिला तर घ्या. ‘तुमचं उत्पन्न किती?’ विचारलंत तर दाखल्यावरचाच आकडा ऐकू येईल. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या वर्षात मोठा खर्च कशावर झाला? पैसे कुठून उभे केले?’ बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, बचत गटाचं कर्ज, मंगळसूत्र गहाण. खरं घर या उत्तरात उघडं होतं. उत्तर देताना आई बोलते की वडील, यावरूनही बरंच कळतं.

आणि ‘मला शिष्यवृत्ती का हवी’ हा निबंध अर्जातून काढून टाका. आपलं दैन्य चांगलं मांडता येणं ही गुणवत्ता नव्हे. एक पानी मराठी अर्ज पुरतो.

हप्ते. अर्ज प्रवेशाच्या दिवशीच वाटा, निर्णय तीन आठवड्यांत घ्या. महाडीबीटीची रक्कम बऱ्याचदा महिनोन्‌महिने येत नाही, पण वसतिगृहाची अनामत आणि मेसचा ॲडव्हान्स लगेच भरावा लागतो. म्हणून पहिला हप्ता मोठा ठेवा. ४०,००० पैकी २५,००० प्रवेशानंतर लगेच, बाकीचे जानेवारीत. पहिलाच हप्ता दिवाळीनंतर पोचला तर तो व्याज फेडण्यात जातो. रक्कम कॉलेजकडे न देता मुलाच्या खात्यात टाका.

नूतनीकरण. ‘९ सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) राखला तरच पुढचा हप्ता’ अशी अट कुणीतरी सुचवेलच. मान्य करू नका. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं पहिलं सेमिस्टर इंग्रजी पुस्तकांशी झगडण्यात जातं. एक-दोन विषय राहिले म्हणून पैसे थांबवलेत तर तो मेसमध्ये वाढप्याचं काम धरेल आणि तिसरा विषयही राहील. पहिल्या वर्षाला अट नकोच. पुढे वर्ष वाया गेलं नाही, एवढंच बघा.

समारंभ. मोठा चेक हातात देऊन मंचावर फोटो नको. देणगीदाराला भेटायचंच असेल तर मुलाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर कारण विचारू नका. हप्ता मिळाल्याचा स्क्रीनशॉटही मागू नका, बँकेचं स्टेटमेंट तुमच्याकडे आहेच.