दाजींची हार्ड डिस्क आणि गेलेली लाइट

परभणीत दाजींचा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत त्यांची 1 टीबीची डिस्क अडायला लागली. "एक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लावायलीय, कामून की!" डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलनं पाहिलं तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, शेकड्यांनी. कोणीतरी त्यांना विंडोजची चेकडिस्क कमांड चालवा म्हणालं होतं. नशीब, चालवली नाही; ती दुरुस्तीच्या नावाखाली त्याच मरत्या डिस्कवर लिहिते.

उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) मशीन सुरू केलं, डिस्क माउंट केलीच नाही, म्हणजे तिच्यातल्या फाइली उघडल्याच नाहीत. सोर्स कोणता नि कॉपी कुठे, हे डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके कमांड मारून दोनदा तपासलं. उलटं झालं असतं तर दाजींनी जेवायलाही बोलावलं नसतं. मग डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची जशीच्या तशी नक्कल (इमेज) काढणारं टूल. साध्या डीडी या कॉपी कमांडचं इथे काम नाही, पहिल्याच एररला ते थांबतं. पहिल्या फेरीत 'मायनस एन' दिलं, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता चांगला भाग आधी निघतो. सोबत मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं त्याची नोंद; ती विसरायची नाही. रात्री दोनला लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला. सकाळी तीच कमांड पुन्हा दिली, काम राहिलं तिथून पुढे सुरू! दुसऱ्या फेरीत 'मायनस आर 3', उरलेल्या सेक्टरवर तीन प्रयत्न.

इमेज रीड-ओन्ली माउंट केली. जवळपास सगळं दिसलं. एकच फोल्डर फुटलेला होता, त्यासाठी इमेजवर हरवलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवलं. फोटो आले, नावं गेली. आता दाजी मांडवाच्या रंगावरून लग्नं ओळखत बसलेत.